वाघजाईसमोर चालू इंजिन

फणसवाडीत हंबीररावांच्या अंगणात सोमवारी संध्याकाळी दोन व्हॅन उभ्या होत्या. एक निळी, एक पांढरी. दोन्ही जुन्या, दोन्ही डिझेलवरच्या, दोन्हींत नऊ-दहा माणसं बसतील एवढी जागा. फरक होता तो बॉनेटखाली. निळीचं इंजिन साधं, बाहेरची हवा आपसूक जेवढी आत येईल तेवढ्यावर चालणारं. पांढरीला टर्बो. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा गरगर फिरतो आणि जादा हवा इंजिनात कोंबतो. जादा हवा, जादा जोर. यातली एक गाडी ठेवायची होती आणि दुसरी सांगलीला परत जायची होती. कुठली, ते संयोगितानं सांगायचं होतं, कारण चालवणार ती.

संयोगिता मूळची कवठे महांकाळची. तिकडं रान एवढं सपाट की पलीकडच्या गावातला ट्रॅक्टर निघाला की धुरळा घरातून दिसायचा. ट्रॅक्टर तिला वडिलांनीच शिकवला होता. लग्न होऊन मेढ्याच्या डोंगरात आली तेव्हा चढ म्हणजे काय ते आधी पायांना कळलं, हातांना मागाहून. नवरा वीरधवल फौजेत, सध्या अरुणाचलला. सासरे हंबीररावही फौजेतलेच, उभी नोकरी ट्रक चालवण्यात गेलेली. घाटात गाडी कशी धरायची ते त्यांनीच सुनेला शिकवलं. पुढं त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, ते शेजारच्या सीटवर सरकले आणि स्टिअरिंग तिच्याकडं आलं.

आधी ती मेढ्याच्या बाजाराला माणसं न्यायची. मग शेजारच्या मनुबाईंच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा त्यांना साताऱ्याला डायलिसिसला न्यायची पाळी आली. मनुबाईंमागोमाग वरच्या वाडीचे आप्पासो आले, मग आणखी तिघं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एस.टी. त्या वेळेला नाही, आणि असली तरी उभ्यानं जायची त्यांच्यात ताकद नाही. संयोगिताची गाडी निघाली तर ही पाच माणसं मशीनवर, नाही निघाली तर अंगात पाणी साठवत घरी. एवढा सरळ हिशेब होता.

गेल्या शनिवारी, साताऱ्याहून परतताना त्या गाडीनं जीव टाकला. पावसात दरड कोसळून खिंडीतला जुना लांब वळसा गेला होता आणि बांधकामवाल्यांनी नवा रस्ता काढला तो नाकासमोर उभा. त्या चढाला ओढून ओढून जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड उडालं. मग संयोगितानं भावाला फोन केला. मल्हारचं सांगलीजवळ माधवनगरला गॅरेज. तो ओळखीच्या व्यापाऱ्याकडच्या दोन गाड्या आठवडाभर चालवून बघायला म्हणून घेऊन आला. एक स्वतः हाकत, दुसरी गॅरेजातल्या माणसाच्या हातात.

"मी सांगतो अक्का, निळी घे," मल्हार चहा ओतता ओतता म्हणाला.

"का म्हणून?" हंबीरराव खाटेवरूनच गरजले. "आरं गड्या, लडाखला आमी बर्फात माल चढवला, त्यो काय साध्या इंजिनावर? चढ म्हणला की टर्बोच."

"आवं मामा, फौजेत गाडीला शिस्त असती. हितं गाडीला देवी हाय."

संयोगिताला हसू आलं, पण मल्हार हसत नव्हता. खिंडीच्या माथ्यावर वाघजाई आहे. दगडी चौथरा, वर पत्रा. त्या रस्त्याची एक रीत आहे. माथ्याच्या अलीकडं आंब्याचं झाड लागलं की ड्रायव्हरनं चावी फिरवायची, इंजिन बंद करायचं आणि उरल्या वेगावर गाडी मुकाट देवीपुढं नेऊन उभी करायची. देवीसमोर इंजिन घुरघुरत न्यायचं नाही. जो नेतो त्याचे ब्रेक पलीकडच्या उतारावर देवी काढून घेते, असं सगळे मानतात.

"माझ्याकडं तुमच्याच भागातली एक जीप आलती," मल्हार सांगू लागला. "त्यो पंखा चढाला तापून लालबुंद झालेला असतो, आन त्याचा दांडा नुसता तेलावर तरंगत असतो. तुमी झाडापाशी चावी फिरवली की तेल थांबलं. पर पंखा थांबत न्हाई. तेल जाग्यावरच करपतं. रोज थोडं थोडं. आन मग एक दिशी भर चढाला दांडा धरतो, जाम हुतो, आन गाडीचा जोर जातो. त्या जिपेत खताची पोती हुती. तुझ्या गाडीत कोण असतंय?"

संयोगितानं शेजारच्या मनुबाईंच्या दाराकडं पाहिलं.

"इंजिन बघून गाडी घ्यायची नसती, अक्का. बसणारी माणसं बघून घ्यायची."

"म्हंजी आमी आडानी?" हंबीरराव उठून बसले.

"आडानी कोण म्हणलं? भाविक म्हणतोय मी."

"मग माथ्यावर चावी फिरवायची न्हाई, एवढंच न्हवं?" संयोगितानं मध्येच विचारलं.

"एवढंच. दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवायची, पंखा गार हुस्तवर. पर तुझी माणसं ठेवू देतील?"

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते चहात बघत होते.

मंगळवारी निळी निघाली. पाच पेशंट, त्यांच्यातल्या दोघांच्या बायका, पुढं हंबीरराव. शनिवार ते मंगळवार हा मधला खाडा मोठा असतो. दोन दिवस सुटीचे जातात आणि मंगळवारी सगळ्यांची तोंडं सुजलेली असतात. मनुबाईंच्या पायात चपला शिरत नव्हत्या. त्या पिशवीत चपला घेऊन बसल्या होत्या.

सपाटीला निळी गुणी होती. नव्या चढाला लागली तशी आधी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर. पहिल्यावरही रडत होती. इंजिनातल्या पाण्याच्या तापाचा काटा वर वर सरकत होता.

"हवालदार, ही गाडी हाय का म्हस?" मागून आप्पासो हंबीररावांना म्हणाले. ते अंगात पाणी साठलं तरी जीभ हलकी ठेवणारे. "चढ दिसला की बसाय लागली."

"गप बसा आप्पासो, तुमचंच वजन हाय."

"माझं न्हाई, पाण्याचं हाय. साताऱ्यात उतरवून येतो."

उभ्या वळणावर निळी थांबली. पाय दाबला तरी नुसता काळा धूर. संयोगितानं हँडब्रेक ओढला, आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलली.

"जरा उतराय लागंल."

बायका उतरल्या. आप्पासो आणि बाकीचे तिघं उतरले. मग मनुबाई अनवाणी उतरल्या. रिकामी निळी कशीबशी वळण चढून गेली आणि संयोगितानं वर गाडी थांबवून आरशात पाहिलं. हंबीररावांच्या खांद्याला धरून मनुबाई येत होत्या. चार पावलं आली की थांबत होत्या. मग त्या रस्त्याच्या कडेला खालीच बसल्या. तोंड उघडं, खांदे वरखाली. संयोगिता धावत खाली गेली.

"मनुकाकी, काकी ऐका, माझ्या गळ्यात हात टाका."

"हवा... पुरंना गं," मनुबाई म्हणाल्या.

त्या दोघींनी ते शेवटचं अंतर कसं काटलं ते संयोगिताला पुढं आठवेना. वर देवीपुढं गाडी उभी राहिली तेव्हा कुणी इंजिनाचं बोललं नाही, कारण माथ्याला टेकता टेकताच ते तापून आपसूक बंद पडलं होतं. साताऱ्यात पोचायला उशीर झाला. मनुबाईंचं मशीन दुसऱ्याला द्यायचं चाललं होतं. सिस्टरनं त्यांच्या छातीला नळी लावली, ऐकलं आणि संयोगिताला बाजूला घेतलं.

"फुप्फुसात पाणी चढलंय. अशा पेशंटला चढ चालवतात का? पुन्हा असं केलंत तर त्या इथवर पोचायच्या नाहीत."

बुधवारी मल्हारनं तिला पांढरीवर बसवून वाडीच्या रस्त्याला दोन चकरा मारायला लावल्या. निळीचं काय झालं ते ऐकून तो वाद घालायचा थांबला होता, पण चेहरा तसाच होता.

"हिचा हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या खाली पडू द्यायचा न्हाई. पडला की पंखा झोपतो, आन मग ही साध्या इंजिनापेक्षाबी मऊ. जुन्या गाडीची सवय हाय तुला, वरच्या गिअरात रेटायची. ती सोड. आधी खालचा गिअर पाड, मग वळणात शीर."

"कळलं."

"कळलं न्हवं, करून दाव."

तिनं करून दाखवलं. वाडीच्या रस्त्याला चढच नव्हता, तिथं काय, कुणीही केलं असतं. दुपारी मल्हार आणि त्याचा माणूस एस.टी.नं माधवनगरला गेले. जाताना म्हणाला, "शनिवारी येतो. जी नको ती घेऊन जातो. नीट बघ, अक्का."

गुरुवारी पहाटेचं धुकं विरलं तशी पांढरी निघाली. चढाला लागली तरी पांढरी थकेना. बारीक शिटीसारखा आवाज यायचा आणि गाडी पाठीला रेटा देत वर जायची. हंबीरराव खुशीत होते. "बघा," ते मागं वळून म्हणाले, "ही खरी गाडी."

संयोगितालाही जरा हलकं वाटलं, आणि तिथंच चूक झाली. उभं वळण आलं आणि तिच्या हातानं जुन्या गाडीचंच केलं. दुसऱ्यावरच आत शिरली. वळणात वेग मोडला, काटा सर्रकन खाली आला, शिटी बंद झाली. तिनं पाय पूर्ण दाबला. काहीच नाही. गाडी एकदा हिसकली आणि इंजिन बंद पडलं.

क्षणभर सगळं शांत होतं. मग पांढरी मागं सरकली.

"गं बाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाजूला दरी होती, तिला अजून कठडा बांधलेला नव्हता. संयोगितानं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. खडीवर चाकं घासत गाडी थांबली. कुठं थांबली ते तिनं पाहिलं नाही.

"उतरू का आमी?" आप्पासोंचा आवाज आला. या वेळी त्यात थट्टा नव्हती.

"कुणी हलू नका."

मनुबाईंना पुन्हा त्या चढावर चालवायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिनं चावी मारली. पहिला गिअर. पाय दाबत नेला, इंजिन किंचाळेपर्यंत, काटा दोन हजाराच्या बराच वर जाईपर्यंत. शिटी आली. तेव्हा तिनं क्लच अलगद सोडला आणि हँडब्रेक खाली टाकला. मागून खडी उडाली, पांढरी एकदा तिरकी झाली आणि मग जी सुटली ती वळण मागं टाकूनच. पुढचा सगळा चढ तिनं गिअर बदलला नाही. इंजिन ओरडत होतं, बॉनेटवरची हवा थरथरत होती. जळक्या तेलाचा वास आत यायला लागला.

समोर आंब्याचं झाड आलं.

"चावी," आप्पासो म्हणाले.

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. झाड मागं पडलं.

"आगं पोरी, चावी! देवी आली!"

"आज चालूच ठेवायची, आप्पासो. इंजिन लय तापलंय."

"तापलंय म्हणूनच म्हणतो! आत्ता देवीनं वाचवलं आपल्याला, आन तू तिच्यासमोर धडधडत..."

गाडी वाघजाईपुढं येऊन उभी राहिली. इंजिन चालू. आणि शेजारून हंबीररावांचा हात चावीकडं आला. रागानं नाही. इतकी वर्षं याच जागी हाच हात असाच पुढं आला होता.

संयोगितानं तो मनगटाला धरला.

सुनेनं सासऱ्याचा हात धरला होता, चारचौघांत, देवीसमोर. हंबीररावांनी तिच्याकडं पाहिलं. हात सोडवून घ्यायला त्यांना काहीच जड नव्हतं. तरी त्यांनी ओढला नाही, आणि मागंही घेतला नाही. तिनंही सोडला नाही. इंजिन हळूहळू शांत घुरघुरायला लागलं. मागं मनुबाईंनी जागेवरूनच हात जोडले. जळका वास कमी झाला. मग तिनं मनगट सोडलं, गिअर टाकला आणि गाडी उताराला लावली.

उतार लागला. प्रत्येक वळणाला ती ब्रेकवर पाय ठेवायची तेव्हा मागच्या सगळ्यांचे डोळे तिच्या पायावर असल्यासारखं वाटायचं. ब्रेक लागत होते. मेढा आलं तेव्हा आप्पासो म्हणाले, "मी शनिवारी ह्या गाडीत येत न्हाई. बाकीच्यांचं त्यांनी बघावं."

सेंटरवर ते वेळेच्या आधी पोचले. पाचही जण मशीनवर गेले. संयोगितानं चहा आणला. आवाराच्या भिंतीला टेकून हंबीरराव बसले होते. तिनं कप पुढं केला. त्यांनी घेतला नाही. तिनं तो त्यांच्याशेजारी भिंतीवर ठेवला.

"मामा, हात धरला त्याची माफी मागते. चावीची न्हाई मागणार."

हंबीररावांनी रस्त्याकडं पाहिलं.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "मल्हारनं सांगायच्या कितीतरी आधी. लडाखला हुकूमच हुता, चढून आलं की लगेच बंद करायचं न्हाई. कुणी केलं तर उस्ताद शिव्या द्यायचा."

"मग?"

"तिथं उस्ताद हुता. हितं देवी हाय. माझा बाप बैलगाडी घिऊन जायचा त्या खिंडीतनं. झाडापाशी खाली उतरायचा आन बैलांच्या घुंगरमाळा मुठीत धरून चालायचा. आवाज हू नये म्हणून."

"आन बैल?"

"बैल काय?"

"चढून आलेलं बैल धापा टाकतच असतील न्हवं? त्यांचा श्वास कुठं बंद करत हुतं तुमचं वडील?"

हंबीररावांनी चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच संपवला.

तिनं मल्हारला फोन लावला. "निळी घेऊन जा."

"सासरं ऐकलं का?"

"न्हाई अजून."

"पेशंट?"

"एक जण येत न्हाई म्हणतोय."

"मग काय केलंस तू? ते यायचंच बंद झालं तर पांढरीत बसवणार कुणाला?" मल्हारचा आवाज चढला. "अक्का, मी तुला आधीच..."

"निळीत बसवून मनुकाकीला मारू का? त्यापेक्षा मी आप्पासोंच्या दारात जाऊन बसंन. शनिवारी ये आन निळी ने."

दुपारी मशीनवरून सुटलेली माणसं पिळून काढल्यासारखी असतात. आप्पासोंनाही बोलायचं त्राण नव्हतं. मेढ्याच्या बाजूनं चढ कमी उभा, तरी लांब. संयोगितानं प्रत्येक वळणाआधी गिअर पाडला. एकदाही काटा खाली जाऊ दिला नाही. तिचं लक्ष काट्यावर होतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्या सीटवर, मांडीवर ठेवलेल्या त्या हातावर. या बाजूला आंबा नाही, कातळाचा कोपरा आहे. कातळ आला. हात हलला, बोटं आखडली आणि मुठीत राहिली.

गाडी वाघजाईपुढं उभी राहिली. इंजिन चालू.

हंबीररावांनी दार उघडलं आणि ते उतरले. चौथऱ्यापाशी गेले. पाठमोरे असे किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मागं कुणीतरी खोकलं. संयोगिताला वाटलं, आता ते चालत खाली जातील, वाडीपर्यंत, आणि उद्या सगळ्या वाडीला कळेल की हंबीरराव सुनेच्या गाडीतून उतरले. मग चौघं काय आणि पाच काय, कुणीच बसणार नाही.

ते परत आले. पण पुढच्या दाराशी नाही, मागच्या.

"आप्पासो, फुडं जाऊन बसा."

"मी? का?"

"जा म्हणतो न्हवं. दोन्ही हात मांडीवर ठेवायचं. कायबी धरायचं न्हाई."

"आन तुमी?"

"मी मागं. ह्यो हात ऐकंना माझा," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी तो उजवा हात दुसऱ्याचाच असल्यासारखा वर करून दाखवला.

आप्पासो हलले नाहीत. "देवीचं काय?"

"तिलाच इचारून आलो."

"काय म्हणली?"

"काय न्हाई म्हणली. बैल धापा टाकायचं तवाबी काय म्हणली नव्हती."

मनुबाई हसल्या. खोकत खोकत, पण हसल्या. आप्पासोंनी एकदा चौथऱ्याकडं पाहिलं, हात जोडले, मग दाराला धरत धरत उतरले आणि पुढं येऊन बसले. आरामात पाय लांब केले. समोर सगळी खिंड, खालचा रस्ता, दूरवर वाडीचे पत्रे.

"हितनं लय दिसतंय की," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणाकडं न बघता, "शनिवारी हीच सीट पायजे मला. आधीच सांगून ठेवतो."

हंबीरराव मनुबाईंच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. त्यांनी दार ओढून घेतलं. संयोगितानं आरशात पाहिलं. काचबिंदूचे ते डोळे तिच्याकडं नव्हते, इंजिनाच्या आवाजाकडं लागलेले होते, मान किंचित कलती. ती थांबली. इंजिन एका लयीत आलं.

"सोड आता," ते मागून म्हणाले.

तिनं ब्रेक सोडला.